चारपदरी केबल

भैय्याजी घरी केबल वळायचे. 'वळायचे' हा त्यांचाच शब्द. तांब्याची लाल आणि काळी जाड वायर आणायची, दोन्हींचे दोन-दोन तुकडे कापायचे, एक टोक खुर्चीच्या पाठीला बांधायचं आणि पोळ्याला बैलाच्या गळ्यात घालायचा गोफ वळावा तसे चारही पदर एकमेकांत घालत जायचं. वरून पायजम्याच्या नाडीसारखं पोकळ विणलेलं सुती आवरण. एका टोकाला भिंतीत घालायची थ्री-पिन, दुसऱ्या टोकाला ॲम्प्लिफायरच्या पाठीत बसणारा सॉकेट. बियाण्या-खतांचं दुकान मुलाच्या, प्रफुलच्या हाती सोपवल्यापासून त्यांचे दिवस बाहेरच्या खोलीत जायचे. तिथे एक जुना जड ॲम्प्लिफायर, कंबरेइतक्या उंचीचे दोन स्पीकर आणि गाण्यांसाठी प्रफुलने दिलेला कॉम्प्युटर होता. विजेची तार चांगली असली तर आवाज चांगला येतो, अशी त्यांची खात्री होती. बाजारच्या काळ्या केबलीतून आवाज मळका येतो, त्यांच्या केबलीतून गाळून येतो.

ज्योत्स्ना त्यांची सून, प्रफुलची बायको. त्यांना ती मामाजी म्हणायची. आर्वीतच ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायची. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून केबली वळल्या जात होत्या, आणि तिने त्याबद्दल कधी एक अक्षर काढलं नव्हतं. मामाजींचा विरंगुळा आहे, त्यात आपण कशाला पडा, असं ती स्वतःला सांगायची. पण दर रविवारी चहाचा ट्रे घेऊन बाहेरच्या खोलीत गेली की तिचे ओठ जरा जास्तच घट्ट मिटलेले असायचे.

रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, भैय्याजींची बैठक भरायची. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर चंदनभाऊ आणि कापसाचे व्यापारी डोमाजी हे दोघे ठरलेले, बाकी कोणी येईल तो. एप्रिल संपत आला होता. त्या रविवारी भैय्याजींनी नवी केबल लावली आणि बासरी ऐकवली.

"कसा आवाज हाय? पान्यावानी," ते म्हणाले.

"मले तं मागच्या हप्त्यावानीच लागून राह्यला," डोमाजी म्हणाले.

"तुह्या कानात जिनिंगचा कापूस भरून हाय बे," चंदनभाऊ म्हणाले. "तुले काय समजन!"

"तुमाले समजते का? तुमी तं जलमभर घंटी वाजवली." डोमाजींनी ट्रेमधला कप उचलला आणि ज्योत्स्नाकडे पाहिलं. "आता फिजिक्सच्या मॅडमच हायेत घरात. त्याइले विचारा नं. काहो सूनबाई, केबलनं आवाज बदलते का?"

हा प्रश्न याआधीही एक-दोनदा आला होता आणि ज्योत्स्ना हसून आत गेली होती. त्या दिवशी ती थांबली.

"नाही बदलत," ती म्हणाली. "खांबापासून घरापर्यंत ॲल्युमिनियमची तार येते. भिंतीच्या आत साधी वायर आहे. शेवटचं हातभर तांबं जाड केल्यानं गाण्याला काही होत नाही. मामाजींना वाटतं, कारण त्यांनी ती स्वतः वळलेली असते."

तिचा आवाज चढला नव्हता. भैय्याजींनी गाणं बंद केलं.

"मंग करून पाहू नं," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, उत्सुकताच होती. "तू सांग कसं कराचं ते."

ज्योत्स्नाने ते नीट केलं. अर्धवट काही तिला जमायचंच नाही. ॲम्प्लिफायर आणि भिंतीतला बोर्ड झाकेल अशी चादर तिने दोन खुर्च्यांवर टाकली. आवाजाचं बटण चिकटपट्टीने एका जागी पक्कं केलं. कोणती केबल लावायची ते आपल्या मनाने ठरू नये म्हणून नाणं उडवून ठरवलं. आपल्या चेहऱ्यावरून काही कळू नये म्हणून ती स्वतःही चादरीमागेच बसली.

"वर्गात बसल्यावानी वाटून राह्यलं," चंदनभाऊ कुजबुजले.

पहिल्यांदा तिने बाजारची केबल लावून ॲम्प्लिफायर सुरू केला. गाणं अजून लागायचंच होतं. चादरीपलीकडून भैय्याजींचा आवाज आला, "ही बाजारची."

नाणं उडालं. तिने वळलेली केबल लावली.

"ही माही."

पुन्हा. पुन्हा. एकदा तीच केबल तिने काढून परत तीच लावली. तेही त्यांनी ओळखलं. एकदाही चुकले नाहीत. गाणं लावायची वेळच येत नव्हती.

डोमाजींनी मांडीवर थाप मारली. "काहो मॅडम, सासऱ्याले कॉपी तं नाई पुरवली तुमी?"

सगळे हसले. ज्योत्स्ना चादरीमागून उठली तेव्हा तिचे कान तापले होते. चादरीची घडी घालताना तिला तिची टोकं जुळेनात. भैय्याजी मात्र हसत नव्हते. ते म्हणाले, "तिचंबी बरोबर हाय बापा. सगळंच काई पुस्तकात नसते लिवलेलं." तिची बाजू घेण्यासाठीच ते बोलले होते. आणि डोमाजींच्या टोमण्यापेक्षा तेच तिला जास्त लागलं.

त्या खुशीत भैय्याजींनी कपाटातून एक तयार केबल काढली आणि चंदनभाऊंच्या हातात ठेवली. "घेऊन जाय. तुह्या गान्याच्या मशीनले लाव."

"माही मशीन तं कव्हाचीच बंद हाय ना बे भैय्या."

"मंग सुधरव."

"आन मले?" डोमाजी म्हणाले. "माह्या कानातला कापूस निंगाला आता."

"तुले पुढच्या रविवारी. वळाले टाईम लागते."

त्या रात्री जेवताना प्रफुलने तिला, "काय मॅडम, नापास?" एवढंच विचारलं. ती हसली. तिचं लक्ष जेवणात नव्हतं. नाणं, चादर, चिकटपट्टी, सगळं ती मनात पुन्हा तपासून पाहत होती. कुठेच फट नव्हती. म्हणजे फरक खरा होता, आणि खऱ्या फरकाला कारण असतं.

सोमवारी दुपारी भैय्याजी कटिंग करायला गेले. ज्योत्स्ना मल्टिमीटर घेऊन बाहेरच्या खोलीत बसली. तिने आधी बाजारची केबल लावून ॲम्प्लिफायर सुरू केला आणि स्पीकरला कान लावला. आत अगदी बारीक घूंऽऽ असा आवाज होता. वळलेली केबल लावली. घूं गेला. गाण्यात काही फरक नव्हता. फरक होता तो गाण्याआधीच्या शांततेत, आणि भैय्याजी तीच शांतता ऐकत होते.

मग तिने वळलेल्या केबलच्या दोन्ही टोकांना मीटर लावला. पहिली पिन, मीटर वाजला. दुसरी पिन, वाजला. वरच्या मोठ्या पिनेला वाजला नाही. तिने पुन्हा पाहिलं. स्क्रू सैल करून पिनेचं झाकण उघडलं. चार पदरांतले दोन एका पिनेत गेले होते, दोन दुसऱ्या पिनेत. तिसरी, अर्थिंगची पिन रिकामी होती. ती नुसतीच भिंतीत जाऊन बसायची.

सगळं सरळ होतं. कॉम्प्युटरला एक अर्थिंग, ॲम्प्लिफायरला दुसरं, आणि मध्ये दोघांना जोडणारी गाण्याची वायर. असं वर्तुळ पुरं झालं की त्यातून विजेचा घूं स्पीकरमध्ये येतो. भैय्याजींनी एका बाजूचं अर्थिंगच जोडलं नव्हतं, म्हणून वर्तुळ तुटलं आणि घूं गेला. तांब्याचा, पदरांचा, सुती आवरणाचा काही संबंध नव्हता. साध्या सुतळीने बांधलेली स्वस्त वायर असती तरी हेच झालं असतं.

तिला आनंद झाला. इतका, की ती जमिनीवर बसल्या बसल्या एकटीच हसली. ती बरोबर होती. थोडी चुकली होती, पण मुळात बरोबर होती.

धोका तिला दिसला नाही असं नाही. अर्थिंग कशासाठी असतं हे ती दरवर्षी मुलांना शिकवायची. आतली वायर कुठे सुटून लोखंडी पेटीला टेकली तर वीज जमिनीत निघून जावी आणि फ्यूज उडावा, यासाठी ते असतं. ते नसलं तर पेटीला हात लावणारा माणूसच अर्थिंग होतो. तिने ॲम्प्लिफायरची पेटी मीटरने तपासली. आतलं काम चांगलं होतं, कुठे गळती नव्हती. आठवडाभरात काही होणार नाही, असं तिने ठरवलं. चंदनभाऊंना दिलेली केबलही तिला आठवली. त्यांची मशीन बंदच आहे, असं म्हणून तिने तो विचार तिथेच संपवला. मशीन बंद आहे तर मग ती केबल कुठे असेल, हा प्रश्न त्याच्या लगेच मागे उभा होता. तिने तो विचारला नाही.

सांगायला दोन वाक्यं पुरली असती. संध्याकाळी भाकरी वाढताना म्हणता आलं असतं, मामाजी, तिसरी पिन रिकामी ठेवू नका, त्यात जोखीम आहे. भैय्याजींनी ऐकलं असतं, केबल दुरुस्त केली असती, आणि कोणाला काही कळलं नसतं. पण कोणाला काही कळलं नसतं हेच तिला नको होतं. डोमाजी हसले होते. चंदनभाऊ हसले होते. हे सांगताना ते समोर बसलेले हवे होते.

संध्याकाळी भाकरी वाढताना ती म्हणाली, "मामाजी, येत्या रविवारी ते पुन्हा करू या का? सगळ्यांना बोलवा."

भैय्याजींचा घास हातातच राहिला. "खरंच?"

"हो. मला अजून थोडं पाहायचं आहे."

ते इतके खूश झाले की हात धुऊन लगेच फोनवर बसले. "आमची सून म्हन्ते पुन्हा करू," ते डोमाजींना सांगत होते, "तिले आता गोडी लागली. हो, हो, येजो. आलुबोंडे सांगतो." स्वयंपाकघरात ज्योत्स्ना भांडी विसळत होती. प्रफुल हळूच म्हणाला, "री-एक्झाम का?" ती म्हणाली, "असंच समज."

पुढचे दिवस भैय्याजी डोमाजींची केबल वळत होते. गुरुवारी दुपारी त्यांनी तिला हाक मारली. खुर्ची सरकत होती, टोक धरायला कोणीतरी हवं होतं. ज्योत्स्ना समोर बसली आणि चार तारांची टोकं मुठीत धरली. खिडकीतला कुलर घरघरत होता. भैय्याजींची बोटं जाड होती, पण तारेवर ती हलकी चालायची.

"डावीकडचा पदर मंधातल्याच्या वरून, उजवीकडचा खालून. पाह्य, किती सोपं हाय. माह्या बापाले बैलाची लय हौस. त्यानंच शिकवलं मले."

"छान येतो गोफ."

"ताठ धर. हां." त्यांनी आणखी चार वळसे घातले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "याच्यात माही एक खुबी हाय. अजून कोनालेच नाई सांगतली. चंदनलेबी नाई. रविवार होऊ दे, मंग तुले सांगीन. तूच समजू शकते."

ज्योत्स्नाने टोकं ताठ धरली. तिला ती खुबी माहीत होती, आणि रविवारी सगळ्यांसमोर ती काय बोलणार होती तेही तिने मनात जुळवून ठेवलं होतं. आधी घूं ऐकवायचा. मग पिनेचं झाकण उघडून दाखवायचं. त्यांच्या हातांकडे न पाहता ती तारांकडे पाहत राहिली. आत्ताच सांगावं, असं एकदा मनात आलं. चार पदर संपले, भैय्याजींनी गाठ मारली, म्हणाले, "झालं, जाय आता, तुह्ये पेपर तपासाचे असन." ती उठून गेली.

शनिवारी दुपारी प्रफुल अवेळी दुकानातून घरी आला. दारातूनच म्हणाला, "बाबा, चला. चंदनकाकांकडे तानाकाकूला कुलरचा करंट लागला. दवाखान्यात नेलं."

ज्योत्स्नाच्या हातात लाल पेन होता. तो खाली ठेवून ती उठली. कुलर हा शब्द ऐकल्याबरोबर तिला कळलं होतं. कसं ते कळायचं होतं, पण काय ते कळलं होतं. ती म्हणाली, "मीही येते."

सरकारी दवाखान्यात चंदनभाऊंची बायको तानाबाई खाटेवर निजली होती. तिच्या उजव्या तळव्याला पट्टी होती आणि ओठ कोरडे पडले होते. शुद्धीवर होती. सून स्वीटी उशाशी उभी राहून पदराने वारा घालत होती. डोमाजी आधीच येऊन बाकड्यावर बसले होते. चंदनभाऊ भैय्याजींना पाहताच उठून आले.

"वाचली बावा," ते म्हणाले. "पाईपानं कुलरमंदी पानी भरत व्हती. भिजलेल्या हातानं कुलर धरला आन चिपकली. बोंबबी मारता येईना. स्वीटीनं पाह्यलं, पयले मेन स्विच पाडला, मंग धरली तिले. पोरगी हुशार, नाईतं दोघीबी…"

"डाक्टर काय म्हनते?" भैय्याजींनी विचारलं.

"राती ठेवून पाहू म्हन्ते. ठोके पाहाचे हायेत हार्टचे." चंदनभाऊंनी गमछ्याने तोंड पुसलं. "माहीच चुकी हाय बे भैय्या. कुलरची वायर उंदरानं कुरतडली व्हती. तुही केबल घरात पडूनच व्हती. इतकी मजबूत, कासऱ्यावानी. म्हटलं मशीन तं बंद हाय, कुलरले लावू. तिकडचा सॉकेट कापला आन जोडली. लालले लाल, काळ्याले काळी, बराबर जोडली व्हती. आत मोटरीत कुठी तरी लागलं असन."

भैय्याजी खाटेपाशी गेले, तानाबाईच्या पायाशी थोडा वेळ उभे राहिले आणि बाहेर व्हरांड्यात आले. ज्योत्स्ना त्यांच्यामागे आली. व्हरांड्यात गरम वारा होता. भैय्याजी कठड्याला धरून उभे होते.

"ज्योत्स्ना," ते म्हणाले, "मले एक सांग. कुलरचं अर्थिंग जोडलेलं असतं तं काई फरक पडला असता का?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते तिला काहीतरी खरोखर विचारत होते.

"हो," ती म्हणाली. "मोटरची वायर आतून बॉडीला टेकली असणार. अर्थिंग असतं तर वीज त्यातून गेली असती, फ्यूज उडाला असता, काकूंना काही झालं नसतं. तुमच्या केबलमध्ये तिसरी पिन रिकामी आहे. चारही पदर दोनच पिनांत गेलेत, म्हणून…"

ती थांबली. भैय्याजी तिच्याकडे वळले होते.

"रिकामी हाय हे तुले कोनं सांगतलं?"

ज्योत्स्ना कठड्याकडे पाहू लागली.

"म्या तं कोनाले सांगतलंच नाई," ते म्हणाले. "तुले रविवारी सांगनार व्हतो."

"मी उघडून पाहिली," ती म्हणाली. "सोमवारी."

भैय्याजींनी मान हलवली. हिशेब लागायला त्यांना वेळ लागला. आधी त्यांच्या तोंडावर नुसतं आश्चर्य होतं. मग रविवारचं बोलावणं त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी तिच्या तोंडावरून नजर काढून घेतली आणि खाली आवारात उभ्या असलेल्या ॲम्ब्युलन्सकडे पाहिलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांना लाज वाटत होती, आणि ती त्यांची एकट्याची नव्हती. तिच्या वतीनेही त्यांनाच वाटत होती.

"चाल," ते म्हणाले. "तू काई बोलू नोको. मी बोलतो."

आत जाऊन ते खाटेपाशी उभे राहिले. सभेत बोलायचं असल्यासारखे त्यांनी हात पुढे बांधले.

"चंदन, तुही चुकी नाई. तानाबाई, चुकी माही हाय. त्या केबलीले अर्थिंगच नाई. म्या मुद्दाम नाई जोडलं. जोडलं की मशीन घूं करे, नाई जोडलं की बंद होये. मले वाटलं ही खुबी हाय. तिच्यावर म्या सगळ्याइले नाचवलं. जीव जाईन असं नाई वाटलं."

डोमाजी बाकड्यावरून उठले. चंदनभाऊंनी गमछा खांद्यावर टाकला. मग म्हणाले, "जाऊ दे भैय्या. तुले काय मालूम मी कुलरले लावीन म्हनून."

"नाई. म्या समजाले पायजे व्हतं. हे तं सूनबाईनं आत्ता बाहेर मले समजावून सांगतलं, तवा माह्या ध्यानात आलं."

ज्योत्स्नाने मान वर केली. भैय्याजी तिच्याकडे पाहत नव्हते.

तानाबाईने डोळे उघडले. पट्टीचा हात पोटावर ठेवून ती ज्योत्स्नाकडे पाहून बारीक हसली. "शिकेल सून हाय बाई," ती म्हणाली. आवाज खोल गेला होता. "पोरी, आमच्या घरचंबी सगळं पाहून देजो. तुले समजते. बरं झालं तुह्या ध्यानात आलं, नाईतं आनखी कोनाच्या घरी…"

"बराबर," डोमाजी म्हणाले. "मले तं उद्याच भेटनार व्हती केबल. मॅडम, त्या दिवशी मी हासलो, मनाले लावून घेऊ नोका. तुमीच बराबर व्हत्या."

हेच शब्द होते. आठवडाभर ती ज्यांची वाट पाहत होती ते हेच होते, त्याच माणसाच्या तोंडून, सगळ्यांसमोर.

"आत्ता नाही," ती म्हणाली.

"काय?" चंदनभाऊ म्हणाले.

"मला आत्ता नाही कळलं. सोमवारी कळलं होतं. मामाजी घरी नसताना मी केबल उघडून पाहिली."

"ज्योत्स्ना," भैय्याजी म्हणाले.

"मामाजींना ते धोक्याचं आहे हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं. तुमच्याकडे एक केबल आहे हेही माहीत होतं."

स्वीटीचा वारा घालणारा हात थांबला. तानाबाईच्या तोंडावर हसू अजून अर्धं होतं, ते कुठे ठेवावं हे तिला कळत नसावं. "सोमवारी?" ती म्हणाली. "मंग सांगतलं काऊन नाई?"

वर्गात एखाद्या मुलाने प्रश्न विचारला की ज्योत्स्ना उत्तर देण्याआधी क्षणभर थांबायची, नेमका शब्द मिळेपर्यंत. तशीच ती थांबली. नेमके शब्द तिला माहीत होते.

"रविवारी सगळे येणार होते," ती म्हणाली. "मला सगळ्यांसमोर सांगायचं होतं."

चंदनभाऊंच्या तोंडी नेहमी काहीतरी असायचं, ते जमिनीवरच्या फरशीकडे पाहत होते. डोमाजी पुन्हा बाकड्यावर बसले. पलीकडच्या खाटेवरची म्हातारी आणि तिच्याजवळ बसलेली बाई इकडे पाहू लागल्या होत्या. प्रफुल दारात औषधाची पिशवी घेऊन उभा होता. तो केव्हा आला आणि त्याने किती ऐकलं हे ज्योत्स्नाला कळलं नाही. त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं, सगळंच.

कोणी तिला जा म्हटलं नाही आणि बस म्हटलं नाही. ती तशीच उभी राहिली. माफ करा, असं म्हणायचं तिच्या मनात होतं. पण आत्ताच तिने जे सांगितलं होतं त्याच्यापुढे तो शब्द इतका लहान वाटला की तिने तो काढला नाही.

शेवटी स्वीटीच बोलली. तिचा आवाज रडका नव्हता, कामाचा होता. "ताई, घरी लेकरू हाय शेजारनीपाशी. गर्मी लय हाय. राती तो कुलर चालवू का नोको?"

"नको," ज्योत्स्ना म्हणाली. "हातही लावू नका. मेन स्विच बंदच आहे ना? मी येईपर्यंत तो तसाच राहू दे. मी ती केबल काढते, आतली मोटर पाहते, भिंतीत अर्थिंग येतं की नाही तेही बघावं लागेल. ते नसेल तर नवी केबल लावूनही उपयोग नाही. आमच्या घरचा पंखा तुमच्याकडे आणून देते. तोवर…"

ती बोलत होती आणि तिचं तिलाच ऐकू येत होतं, आवाज वर्गातल्यासारखाच स्वच्छ निघत होता.

"कव्हा येता?" स्वीटीने विचारलं.

तानाबाईने भिंतीकडे तोंड केलं होतं. तिकडूनच ती म्हणाली, "आत्ताच जाजो म्हना तिले. लोकं जमाची वाट नोको पाहू म्हना."

भैय्याजींनी डोळे मिटले. स्वीटीने कमरेची किल्ली सोडली आणि ज्योत्स्नापुढे धरली.